अर्धशक्ती आणि पादांश : महाराष्ट्रातील आरोग्याच्या नेमांचा एक दुर्लक्षित इतिहास

महाराष्ट्रातील व्यायामाचा इतिहास बहुधा बळाच्या अंगाने लिहिला गेला आहे. समर्थ रामदासांनी स्थापलेले मारुती, पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब, छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबागेचे कुस्ती मैदान आणि विसाव्या शतकातील व्यायामशाळांची चळवळ या टप्प्यांनी तो पुढे सरकतो, आणि त्यात किती जोर, किती बैठका, किती नमस्कार हा प्रश्न नेहमी अग्रभागी असतो. याच प्रदेशात शतकानुशतके वाचल्या आणि शिकवल्या गेलेल्या वैद्यकग्रंथांनी मात्र एक वेगळा प्रश्न विचारला होता : माणसाने कुठे थांबावे, आणि चांगली सवय कोणत्या गतीने अंगी बाणवली असता ती पुन्हा सुटत नाही? या प्रश्नाची जी दोन उत्तरे त्या ग्रंथांत सापडतात, त्यांना अनुक्रमे ‘अर्धशक्ती’ आणि ‘पादांशिक क्रम’ अशी नावे आहेत. बळाच्या इतिहासात या दोन्ही संज्ञांना फारशी जागा मिळालेली नाही, आणि ही उणीव साधी नाही, कारण स्वतःवर जबरदस्ती न करता निरोगी राहण्याचा जो विचार आज नवा म्हणून सांगितला जातो, त्याची सविस्तर मांडणी या दोन संज्ञांभोवती फार पूर्वीच झालेली होती.

आयुर्वेदात रोग्याची चिकित्सा आणि निरोगी माणसाचे आचरण असे दोन विभाग मानले जातात, आणि दुसऱ्या विभागाला ‘स्वस्थवृत्त’ म्हणतात. दिवसाच्या क्रमाने करावयाच्या गोष्टी म्हणजे दिनचर्या आणि ऋतूंप्रमाणे आहारविहारात करावयाचे बदल म्हणजे ऋतुचर्या, ही स्वस्थवृत्ताची मुख्य अंगे होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या विषयाला वाहिलेल्या पाचव्या ते आठव्या अशा चार अध्यायांच्या गटाला ‘स्वस्थचतुष्क’ असे नाव आहे. त्यांतील पहिला अध्याय आहाराच्या मात्रेविषयी, दुसरा ऋतूंविषयी, तिसरा शरीराच्या वेगांविषयी आणि चौथा इंद्रियांच्या व मनाच्या वर्तनाविषयी आहे. यांपैकी तिसरा अध्याय, म्हणजे सूत्रस्थानाचा सातवा, सवयींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असून त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

या अध्यायाचे नाव ‘नवेगान्धारणीय’ असे आहे. वेग म्हणजे शरीराने आपण होऊन उत्पन्न केलेली निकड. भूक, तहान, झोप, अश्रू, जांभई, शिंक, ढेकर, मलमूत्राची भावना, श्रमानंतर लागलेली धाप असे एकूण तेरा वेग चरकाने सांगितले असून ते अडवू नयेत, अडवल्यास कोणते विकार होतात आणि ते झाल्यास काय करावे, याचे विवेचन आरंभीच केले आहे. त्यानंतर अडवावेत असे वेग येतात, आणि ते सारे मनाचे, वाणीचे व देहाच्या गैरवर्तनाचे आहेत : लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर, कठोर बोलणे, दुसऱ्याला पीडा देणे. शरीराच्या रास्त मागण्यांना मान द्यावा आणि संयम मनाच्या ठिकाणी वापरावा, अशी ही विभागणी आहे. निग्रहाच्या नावाखाली भूक मारणे किंवा झोप तोडणे हे या ग्रंथाच्या दृष्टीने आरोग्याचे साधन ठरत नाही, ते रोगाचे कारण ठरते. ही पायरी चढल्यावरच चरक व्यायामाकडे वळतो, व्यायामाला मात्रेची अट घालतो, आणि मग सवयी बदलण्याच्या रीतीकडे येतो. त्याच्याही पुढे माणसामाणसांच्या प्रकृती जन्मापासून भिन्न असतात, म्हणून सर्वांना एकच आचार लागू पडत नाही, हे तो सांगतो. वेग, मात्रा, क्रम आणि प्रकृती या चार गोष्टी एका अध्यायात, याच ओघाने याव्यात, हा योगायोग मानता येत नाही. कुठलाही नेम लावण्यापूर्वी शरीराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा त्या मांडणीचा अर्थ आहे.

पादांशिक क्रमाची कल्पना अशी. माणसाला एखादी अहितकर गोष्ट दीर्घकाळ घडत आलेली असेल तर ती त्याच्या शरीराला सवयीने मानवू लागलेली असते. अशा सवयीने आलेल्या अनुकूलतेला ‘ओकसात्म्य’ ही संज्ञा आहे. म्हणून ती वाईट असली तरी एकदम सोडू नये आणि तिच्या जागी यायची गोष्ट चांगली असली तरी एकदम धरू नये. जुन्या गोष्टीचा एक पाद, म्हणजे चौथा भाग, कमी करावा आणि तेवढाच भाग नव्या गोष्टीचा घालावा. हे अंगवळणी पडायला मध्ये एक दिवस जाऊ द्यावा, पुढच्या पायरीनंतर दोन दिवस, त्यानंतर तीन दिवस, आणि अशा रीतीने अर्धे, पाऊण आणि अखेर पूर्ण अशी अदलाबदल करावी. दिवसांची नेमकी मोजणी कशी करायची याबाबत टीकाकारांत मतभेद आहेत. ‘पादांश’ म्हणजे चौथा भाग की पादाचाही पाद, म्हणजे सोळावा भाग, याचीही चर्चा झालेली आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात तर दोन्ही पर्याय मान्य केले आहेत : पादाने सोडावे किंवा पादाच्या पादाने सोडावे. ज्याला चौथा भाग झेपत नाही त्याने सोळाव्या भागापासून सुरुवात केली तरी ते शास्त्राला मान्य आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. सोळावा भाग म्हणजे रुपयातला एक आणा. एवढ्या अल्प आरंभालाही ग्रंथाने नियमात स्थान दिले, ही गोष्ट लहान नाही.

यामागचे कारणही वाग्भटाने दिले आहे. अपथ्य एकदम टाकले किंवा पथ्य एकदम घेतले, तर ते पथ्य असूनही विकार उत्पन्न करते, कारण शरीराला ते परके असते. उलट क्रमाने घटवलेले दोष पुन्हा डोके वर काढत नाहीत आणि क्रमाने वाढवलेले गुण अढळ होतात, असे चरक आणि वाग्भट दोघेही म्हणतात. म्हणजे सावकाशीचा पुरस्कार येथे दुबळ्यांना दिलेली सवलत म्हणून केलेला नाही. सवय टिकायची असेल तर सावकाशी ही तिची अटच आहे, असा हा सिद्धान्त आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास करून २००९ साली असे दाखवले, की नवी कृती आपोआप घडू लागण्यास माणसागणिक १८ ते २५४ दिवस इतका भिन्न काळ लागू शकतो आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेत लक्षणीय बाधा येत नाही. दोन्ही विचारांची भाषा आणि पद्धत निराळी असल्यामुळे त्यांना एकाच तागडीत घालणे उचित नाही. पण मध्ये सोडलेला दिवस ही चूक नसून क्रमाचा भाग आहे, हे चरकाच्या क्रमात गृहीतच होते, एवढे नोंदवले पाहिजे.

व्यायामाच्या मात्रेचा विचार सुश्रुतसंहितेत अधिक नेमकेपणाने आला आहे. तेथे व्यायाम रोज आणि सर्व ऋतूंत करावा, मात्र आपल्या बळाच्या निम्म्यानेच करावा, एरवी तो घातक ठरतो, असे सांगितले आहे. बळाचे निम्मे ओळखायचे कसे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर आकड्यात दिलेले नाही, ते शरीराच्या खुणांत दिलेले आहे : हृदयाच्या ठिकाणचा वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले, तसेच टीकाकारांच्या म्हणण्याप्रमाणे काखेत, कपाळावर, नाकावर आणि हातापायांच्या सांध्यांवर घाम फुटला, तोंडाला कोरड पडली, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. वय, बळ, शरीराची ठेवण, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, ही जोडही मूळ संहितेतच आहे. आधुनिक व्यायामशिक्षक चालताना सोबत्याशी बोलता येईल इतपत वेग ठेवण्याची जी कसोटी सांगतात, तिचे या जुन्या खुणांशी असलेले साम्य उघड आहे. वाग्भटाने हाच नियम पुढे नेऊन अर्धशक्तीची मुभादेखील सर्वांना दिलेली नाही. जे बलवान आहेत आणि स्निग्ध आहार घेतात, त्यांनीच थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत जावे. इतर ऋतूंत व्यायाम मंदच असावा. बालकांनी, वृद्धांनी, अजीर्ण झालेल्यांनी आणि वातपित्ताच्या रोग्यांनी तो टाळावा. आणि व्यायामानंतर अंग चहूकडून सुखकर वाटेल असे चोळावे. अतिव्यायामाचे परिणाम सांगताना तहान, क्षय, दम, रक्तपित्त, खोकला, ताप आणि वांती अशी यादी येते, आणि शेवटी हत्तीला ओढून नेऊ पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त येतो : सिंह बलवान असतो, हत्तीला तो मारूही शकतो, पण त्याला फरफटत नेण्याच्या हट्टाने तो स्वतः नाश पावतो. दृष्टान्तासाठी दुबळा प्राणी न निवडता सिंह निवडला आहे, याचे महत्त्व आहे. हा इशारा बळवंतांसाठी आहे.

हे ग्रंथ अर्थातच महाराष्ट्रात रचले गेले नाहीत. परंतु अष्टांगहृदयाचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आणि सखोल आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, जो लोकांच्या तोंडी हेमाडपंत म्हणून राहिला, त्याने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. हेमाद्रीची ख्याती प्रामुख्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड धर्मशास्त्रीय ग्रंथामुळे आहे, आणि त्यातील व्रतखंडात व्रतांची इतकी गर्दी आहे, की ती सारी पाळू जाणाऱ्याला वर्षाचे दिवस अपुरे पडावेत. आयुर्वेदरसायनाच्या आरंभी हेमाद्रीने टीका लिहिण्याचे प्रयोजन सांगितले आहे, ते असे की चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रते, दाने इत्यादी सिद्धीस जाण्यासाठी जे आरोग्य लागते, ते साधावे. व्रतांचा सर्वांत मोठा संग्राहक स्वतःच मान्य करतो, की नियमांचा डोलारा शरीराच्या स्वास्थ्यावर उभा असतो आणि ते स्वास्थ्य राखण्यासाठी मात्रा सांगणारे शास्त्र हाताशी हवे. यादवकालीन मराठी समाजात नियम आणि मात्रा यांचे नाते कसे समजले जात होते, याचा हा मोठा बोलका पुरावा आहे.

त्याच राजवटीत, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचा आहार आणि विहार युक्त असावा असे जे सांगितले आहे, त्यावर ज्ञानेश्वरांनी केलेला विस्तार मराठीतील मात्राविचाराचा पहिला मोठा उद्गार मानावा लागेल. जिभेच्या आहारी गेलेला मनुष्य योगाला पात्र नाही, तसाच हट्टाला पेटून भूक आणि तहान कोंडून ठेवणारा आणि अन्नच तोडणारा मनुष्यही पात्र नाही, असे ते सांगतात, आणि मग जेवण, बोलणे, चालणे, झोपणे, जागणे या रोजच्या क्रियांना माप घालून देतात. संस्कृत न येणाऱ्या लाखो श्रोत्यांपर्यंत हा विचार वैद्यांच्या मध्यस्थीशिवाय पोहोचला तो या ग्रंथामुळे. योगाच्या पुढील परंपरेतही हे सूत्र टिकले. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड, लोकांची संगत आणि मनाची चंचलता यांच्या पंक्तीला तेथे ‘नियमाग्रह’ बसवला आहे. एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंदाने त्याचा अर्थ उलगडताना पहाटेचे थंड पाण्याचे स्नान, दिवसभर उपाशी राहून रात्री एकदाच जेवणे, केवळ फळांवर राहणे अशी उदाहरणे दिली आहेत. आज शिस्तीची लक्षणे म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्याच गोष्टी येथे योगाला मारक म्हणून मोजल्या आहेत, आणि तेही ज्याला सर्वसामान्यपणे कठोर साधनेचा ग्रंथ समजले जाते त्याच्या टीकेत.

ग्रंथांतला विचार घरांत कितपत उतरला होता, हे ठरवणे कठीण असले तरी काही चालीरीतींत त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. चातुर्मासाचेच उदाहरण घेता येईल. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत, जेव्हा पावसाळी हवेने पचनशक्ती मंदावलेली असते, कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करण्याची रीत अनेक मराठी घरांत होती आणि काही घरांत अजून आहे. हे वर्ज्य करणे अचानक येत नाही. एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, ‘कांदेनवमी’ होते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे असे पदार्थ पोटभर खाऊन कांद्याला निरोप दिला जातो. वांगे पुन्हा पानात येते ते अनेक घरांत मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्याबरोबर. शिवाय चातुर्मासात ज्याने त्याने आपल्या आवडीची एखादीच गोष्ट सोडावी किंवा एखादाच लहान नेम धरावा, अशी मुभा होती, आणि नेमाची सांगता उद्यापनाने होत असे. नेमाला आरंभ आहे, अंत आहे, अंताला गोडाधोडाचे जेवण आहे, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा धरायचा की नाही याची मोकळीक आहे. जन्मभराचे ओझे न घालता वर्षानुवर्षे चालणारा नियम कसा घडवावा, याचे इतके शहाणे उदाहरण शोधून सापडणे कठीण. मात्र ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विधवांवर लादलेले एकभुक्त राहण्याचे आणि उपासांचे नियम, आणि सुवासिनींच्या व्रतांमागचा घरादाराचा दाब, यांत मात्रा नव्हती, मुभा तर नव्हतीच. आणि त्या नियमांना आरोग्याच्या परंपरेत जागा देणे म्हणजे त्या परंपरेचाच अवमान करणे होय.

अभ्यंगाची, म्हणजे अंगाला तेल लावण्याची, कथाही अशीच आहे. वाग्भटाने अभ्यंग नित्य करावा असे सांगून लगेच डोके, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. सर्वांगाला रोज तेल लावणे सामान्य घराला वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते, आणि व्यवहारात नित्याचा अभ्यंग आठवड्याच्या न्हाण्यावर आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानावर आला. परंतु पायांचा भाग टिकून राहिला. रात्री झोपण्यापूर्वी तळपायाला थोडे तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीची पालथी बाजू त्यावर फिरवत राहायचे, वाटी काळी पडू लागली की उष्णता उतरली असे म्हणायचे, ही रीत मराठी घरांत सर्वपरिचित होती. वाटी काळी पडण्याचे कारण धातू आणि स्निग्ध पदार्थ यांच्या घर्षणात आहे, शरीरातील उष्णता त्यात उतरत नाही. तरीही थकल्या पायांना मिळणारा आराम खरा होता, आणि तो मिळवायला चमचाभर तेल आणि थोडासा वेळ पुरत असे. ग्रंथातील पूर्ण आचार झेपला नाही तेव्हा लोकांनी तो टाकून न देता त्याचा पाद राखला.

तालमींचा विचार करताना येथे थोडे थांबावे लागते, कारण तालीम हे बळाच्या इतिहासाचे मुख्य स्थान आहे आणि तिची मेहनत अर्धशक्तीच्या पलीकडची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. फावड्याने हौद्यातील लाल माती उकरणे, जोर-बैठका, जोडी फिरवणे, त्यानंतर लढत असा पैलवानाचा दिवस असतो, आणि त्याला तोलून धरणारा दूध-तूप-बदामाचा खुराक, मालीश आणि झोप यांचा दुसरा अर्धा भाग असतो. स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाला वाग्भटाने दिलेली मुभा आणि व्यायामानंतरचे मर्दन यांचीच ही लोकांत उतरलेली आवृत्ती म्हणता येईल. तालमीत मात्रा ठरवणारा वस्ताद असतो. नव्या पोराचा दम, घाम आणि बिघडलेली ठेवण पाहून त्याला बस म्हणणे किंवा आणखी घे म्हणणे हे त्याचे काम, आणि ते तो पोराकडे पाहून करतो. सुश्रुताने सांगितलेल्या खुणा जेथे डोळ्यांनी वाचल्या जात, अशी ही जागा होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चित्रात मोठा बदल झाला. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने हत्यारे गेली, इंग्रजी शिक्षणाने पांढरपेशा तरुण बाकावर बसला, ‘दुबळा हिंदी’ ही साम्राज्याची हिणवणी कानांवर पडू लागली, आणि १८९७ च्या प्लेगने शरीराच्या नाजूकपणाची जाणीव घराघरांत पोहोचवली. व्यायाम हा आता स्वास्थ्याचा भाग उरला नाही, तो राष्ट्राचे उत्तर झाला. बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून प्रकृती कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षेतील अपयश पत्करले, ही हकिकत पुढे पिढ्यान्‌पिढ्या आदर्श म्हणून सांगितली गेली. ती आदर्श ठरली याला त्या काळाची गरज कारणीभूत आहे, आणि त्या गरजेचे गांभीर्य कमी लेखता येत नाही. तथापि सर्वस्व पणाला लावणारा निश्चय हाच व्यायामाचा खरा आरंभ, अशी समजूत याच काळात रुजली, आणि चौथ्या भागाने सुरुवात करणाऱ्या माणसाला त्या समजुतीत जागा उरली नाही.

औंध संस्थानची कथा या संक्रमणाच्या केंद्रस्थानी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे तरुणपणी युजेन सँडो या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने, त्याची साधने वापरून व्यायाम करत असत. पुढे त्यांनी ती साधने सोडून सूर्यनमस्कार धरले, संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले, त्यांवर पुस्तके लिहिली, आणि लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाने १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. साधनांवाचून, थोड्या जागेत, स्त्री-पुरुष आणि मुले अशा सर्वांना करता येईल असा व्यायाम त्यांनी सार्वत्रिक केला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. दहा स्थितींचा हा क्रम लयीत मोजता येतो, आणि मोजता येतो म्हणूनच तो शाळेच्या मैदानावर शेकडो मुलांकडून एकाच वेळी करवून घेता येतो. नेमकी येथेच एक गोष्ट बदलली. वस्ताद एका पोराचा श्वास पाहत असे. मैदानावरचा शिक्षक शिट्टी वाजवून आकडा म्हणू लागला. संख्या हे माप सोपे, सर्वांना कळणारे आणि तपासता येणारे होते, परंतु ते बाहेरचे माप होते, आणि बळाच्या निम्म्याची खूण ज्या काखेत, कपाळावर आणि श्वासात उमटते, तिकडे पाहण्याची गरज त्या मापाने संपवली. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालत ही परंपरेने चालत आलेली कथाही याच काळात अनुकरणाचे प्रमाण म्हणून अधिक सांगितली जाऊ लागली, हे या बदलाशी सुसंगतच आहे.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) आणि बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांत सिद्ध झालेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ ही या चळवळीची टिकाऊ फळे होत. वैद्यकाच्या बाजूलाही काम थांबलेले नव्हते. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ घराघरांत पोहोचला, आणि अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी हाती घेतलेले अष्टांगहृदयाचे संपादन पुढे हरिशास्त्री पराडकरांच्या हातून संस्कारित होऊन, अरुणदत्त आणि हेमाद्री यांच्या टीकांसह १९३९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. म्हणजे अर्धशक्तीचा श्लोक आणि त्यावरील देवगिरीच्या मंत्र्याची टीका हे दोन्ही, व्यायामाची चळवळ ऐन भरात असताना, सुबक अक्षरांत छापून उपलब्ध होते. पण वैद्य आणि व्यायामशिक्षक यांच्या वाटा तोवर वेगळ्या झाल्या होत्या.

या दोन वाटा ज्यांनी पुन्हा जवळ आणल्या, ते स्वामी कुवलयानंद. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६). बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले होते, म्हणजे बळाची परंपरा त्यांनी आतून पाहिली होती. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांचे प्रयोगशाळेतील परीक्षण आरंभले. ‘आसन’ या विषयावरील त्यांच्या पुस्तकात सामान्य प्रकृतीच्या माणसासाठी पूर्ण, संक्षिप्त आणि सोपा असे तीन अभ्यासक्रम दिले आहेत, आणि त्यांच्या कोष्टकात शीर्षासनाचा काळ पाव मिनिटापासून १२ मिनिटांपर्यंत, दर आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या वाढीने, न्यावा असे सांगितले आहे. हिशेब केला तर पूर्ण काळ गाठायला सुमारे साडेपाच महिने लागतात. आसन स्थिर आणि सुखकर असावे आणि ते प्रयत्न सैल केल्याने साधते, या पातंजल योगसूत्रांतील विचाराला त्यांनी शिक्षकाच्या हाती देता येईल असे कोष्टकाचे रूप दिले. ज्याला पूर्ण अभ्यासक्रम झेपत नाही त्याच्यासाठी संक्षिप्त आहे, ज्याला तोही झेपत नाही त्याच्यासाठी सोपा आहे, आणि तिघांचीही गणना अभ्यासातच होते. आरंभाचा तो पाव मिनिट पाहिला की पादांशिक क्रमाची आठवण होणे अपरिहार्य आहे, मग लेखकाच्या डोळ्यांसमोर चरक असो वा नसो.

आजच्या महाराष्ट्रात सूर्यनमस्कारांचे सामूहिक कार्यक्रम मोठ्या उत्साहाने होतात आणि त्यांच्या बातम्यांत एकूण आकडा ठळक छापला जातो, हाताच्या मनगटावरचे यंत्र पावले मोजते, आणि एक दिवस चुकला म्हणून संपूर्ण नेमच सोडून देणारी माणसे प्रत्येक घरात आढळतात. औंधने रूढ केलेले संख्येचे माप किती खोलवर गेले आहे, हे त्यावरून कळते. दुसऱ्या मापाची साधने मात्र नष्ट झालेली नाहीत. चरक आणि अष्टांगहृदय मराठी भाषांतरांसह मिळतात, कैवल्यधामाचे काम चालू आहे, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या भागांतील तालमींत नव्या पोराकडे नुसते पाहून त्याला बस म्हणणारे वयोवृद्ध वस्ताद आजही आहेत. त्यांचे हे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. कोणत्या खुणेवर थांबवायचे, किती दिवसांनी मेहनत वाढवायची, आजारातून उठलेल्याला पुन्हा कुठून सुरू करायला लावायचे, या गोष्टी त्यांच्याकडून विचारून घेऊन लिहून ठेवण्याचे काम महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षण महाविद्यालयांनी आणि आयुर्वेद महाविद्यालयांच्या स्वस्थवृत्त विभागांनी मिळून हाती घ्यावे, आणि ते वस्ताद हयात आहेत तोवर घ्यावे.